बाग, रंगमंदिर आणि परभणी

एखाद्या गांवाची सुस्थिति ओळखावयाची झाल्यास तेथील बाजारपेठ पाहावी, असें व्यवहारी लोक म्हणतात. देवळें पाहावीं, असें भाविक सांगतात. आम्हीं आयुष्यभर मास्तरकी केली असल्यामुळें आमची पारख थोडी निराळी आहे. सायंकाळीं सहा वाजतां, हाताला कांहीं काम नसलेला मनुष्य त्या गांवांत कोठें बसतो, हें आम्ही पाहतों. तो घराच्या ओट्यावर बसत असेल तर गांव अजून खेडें आहे. चहाच्या दुकानांत बसत असेल तर तें शहर होऊं लागलें आहे. आणि पैसा न देतां, कोणाचा मिंधा न होतां, झाडाखालीं बसून शेजारच्या अनोळखी गृहस्थाशीं त्यास दोन शब्द बोलतां येत असतील, तर तें नगर झालें असें खुशाल समजावें.

आमच्या पूर्वजांस ही गोष्ट पक्की ठाऊक होती. वात्स्यायनाचा ग्रंथ चारचौघांत उघडण्याजोगा नाहीं हें खरें. तथापि त्यांतील नागरकवृत्ताचें प्रकरण (मद्यपानाच्या बैठकीचा मजकूर गाळून) शाळांतून शिकवावें, असें आमचें प्रामाणिक मत आहे. पक्षांतील किंवा महिन्यांतील एका ठराविक दिवशीं सरस्वतीच्या मंदिरांत कलावंतांचा मेळा भरावा. परगांवचे नट आले असतील तर त्यांनींही आपला खेळ करावा, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांस ठरलेली बिदागी अवश्य मिळावी, असें तेथें सांगितलें आहे. दुसऱ्याच दिवशीं बिदागी! हें वाचून आजच्या हौशी नाटकमंडळ्यांच्या डोळ्यांस पाणी येईल. पुढें उद्यानगमन हाही नागरकाच्या नित्यनैमित्तिक व्यवहारांत गणिला आहे. आणि गोष्ठींत बसून बोलतांना अगदीं संस्कृतांतच बोलूं नये, तसेंच निव्वळ देशभाषेंतही बोलूं नये, म्हणजे मनुष्य लोकमान्य होतो, असा एक मार्मिक सल्लाही दिलेला आहे. या शेवटच्या सल्ल्याचा पूर्वार्ध आमच्यासारख्यांस उद्देशूनच लिहिला असावा. तात्पर्य, बाग, नाटक, ग्रंथ आणि संभाषण हीं चारी एकाच नगरजीवनाचीं अंगें होत, ही कल्पना आपण विलायतेहून आणलेली नाहीं. विलायतेंत सार्वजनिक पैशानें सर्वांकरितां बांधलेली पहिली बाग म्हणून बर्कनहेड या गांवच्या उद्यानाचें नांव घेतात. तें १८४७ सालीं उघडलें. न्यूयॉर्कच्या प्रख्यात सेंट्रल पार्कचा एक रचनाकार ओल्मस्टेड यानें तें आधीं पाहिलें होतें, आणि पुढें त्या सेंट्रल पार्कच्या कडेलाच अमेरिकेंतील सर्वांत मोठें कलासंग्रहालय येऊन बसलें. बाग झाली कीं तिच्या आश्रयानें कला येते, हा जणूं निसर्गनियमच आहे.

परंतु याच संस्कृत वाङ्मयांत दुसरीही एक बाग आहे. शूद्रकाच्या मृच्छकटिकांतील पुष्पकरंडक उद्यान ज्यांस आठवत असेल, त्यांस आम्ही काय म्हणतों तें चटकन् उमगेल. शूद्रक त्यास जीर्णोद्यान म्हणतो. उज्जयिनीसारख्या वैभवशाली नगरीची ती बाग. परंतु ती ओस पडली, तेथें कोणी फिरकेनासें झालें, आणि म्हणूनच शकारास वसंतसेनेचा गळा दाबण्यास ती सोयीची वाटली. ज्या बागेंत आजीबाई नातवंडांस घेऊन बसतात, त्या बागेंत शकाराचें कांहीं चालत नाहीं. बाग ओस पडली कीं ती आपोआप त्याच्या मालकीची होते. नगरपालिकांनीं हा धडा कोठल्याही अहवालापेक्षां मृच्छकटिकावरूनच शिकावा. देवलांनीं त्याचें मराठी रूपांतर करून ठेवलेलेंच आहे.

आतां आमच्या परभणीकडे वळूं. पुण्यामुंबईच्या वाचकांस या विषयाचें एवढें अगत्य कां वाटावें, असा प्रश्न पडेल. म्हणून थोडा पूर्वेतिहास सांगणें भाग आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. मनमाडहून सिकंदराबादेस जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर आमचें स्टेशन. त्यामुळें शिक्षणासाठीं, नोकरीसाठीं, कोर्टकचेरीसाठीं आमच्या घरांतील वडील मंडळी पुण्याकडे न जातां हैदराबादेकडे जात. तेथून परत आल्यावर ज्या कांहीं गोष्टी तीं माणसें रंगवून सांगत, त्यांत बाग-ए-आमचें वर्णन हटकून असे. लांबरुंद हिरवळी, १९१३ सालीं पुरी झालेली टाऊन हॉलची शुभ्र इमारत, जिच्यांत पुढें विधानसभा बसूं लागली. सातव्या निजामाच्या रौप्यमहोत्सवामुळें १९३७ पासून जुबिली हॉल म्हणून ओळखला जाणारा दिवाणखाना. आणि बागेच्या पोटांतच असलेलें संग्रहालय, ज्यांत मिसर देशची एक ममी ठेविलेली आहे. ती ममी पाहून आलेल्या आमच्या एका आजोबांनीं घरांतील पोरांस पुढें कित्येक वर्षें तिचें भय घातलें! एका बागेच्या कुंपणाआंत राज्यकारभार, पुराणवस्तु, चित्रें आणि मोकळी हवा एकत्र नांदतात, हें आमच्या जिल्ह्यांतील लोकांनीं प्रथम तेथें पाहिलें.

गंमत अशी कीं, ज्या राज्याच्या राजधानींत सर्वांसाठीं म्हणून एवढी बाग होती, त्याच राज्यांत चारचौघांनीं एकत्र बसण्यास मात्र परवानगी लागे. गश्ती निशाण ५३ या हुकुमाचें नांव आमच्या पिढीनें वडिलांच्या तोंडून शिव्याशापांसह ऐकलेलें आहे. सभा भरवावयाची तर आधीं सरकारांत अर्ज, वक्ते कोण, विषय काय, याची जंत्री. उत्तर येईल तेव्हां खरें. उच्च शिक्षणाची भाषा उर्दू, कचेरीची भाषा उर्दू; मराठीस घर आणि देऊळ एवढ्याच दोन जागा उरलेल्या. अशा स्थितींत १९३७ सालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन परतूर येथें भरलें, आणि त्याचें अध्यक्षस्थान परभणीचे वकील गोविंदराव नानल यांनीं भूषविलें, ही गोष्ट आज वाटते तितकी साधी नव्हती. परतूर हें त्या काळीं परभणी जिल्ह्यांतच होतें. मराठी माणसांनीं उघड्यावर एकत्र बसून मराठींत बोलावें, एवढ्याचसाठीं त्या पिढीस झटावें लागलें.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे परभणीच्या राजगोपालाचारी उद्यानाकडे पाहण्याची दृष्टि बदलते. राजाजी हे २१ जून १९४८ पासून २६ जानेवारी १९५० पर्यंत हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल होते. म्हणजे हैदराबादचें संस्थान शरण आलें तें त्यांच्याच कारकीर्दींत. उद्यानाच्या नांवांतच आमच्या सुटकेचें साल गोंवलेलें आहे. दरवर्षीं १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीं, याच उद्यानांत हुतात्म्यांस मानवंदना देऊन सरकारी ध्वजारोहण होतें. पोलिसांचा ताफा, शाळेचीं मुलें, काठी टेकीत आलेले वृद्ध, भाषणें. आणि समारंभ संपला कीं झोपाळ्यांकडे धांवणारीं पोरें. त्या पोरांना रागें भरणारे कांहीं गंभीर गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. आम्हांस तो राग अस्थानीं वाटतो. हुतात्म्यांनीं प्राण दिले ते कशासाठीं, असा निबंधाचा विषय आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें घालीत आलों. त्याचें एक उत्तर त्या झोपाळ्यावर बसलेलें असतें.

बागेइतकेंच दुसरें एक नांव परभणीच्या मर्मस्थानीं आहे. भगवान रघुनाथ कुळकर्णी, अर्थात् बी. रघुनाथ. १५ ऑगस्ट १९१३ रोजीं सातोना येथें जन्मलेला हा लेखक हैदराबादेंत शिकून निजाम सरकारच्या बांधकाम खात्यांत कारकून झाला, आणि दिवसभर खडी, वाळू, मजुरी यांचे हिशोब लिहून उरलेल्या वेळांत कविता, कथा आणि कादंबऱ्या लिहूं लागला. “आलाप आणि विलाप”, “साकी”, “आडगावचे चौधरी”, “जगाला कळले पाहिजे” ही त्यांच्या ग्रंथांतील कांहीं नांवें. ७ सप्टेंबर १९५३ ला, चाळिशी ओलांडतां ओलांडतांच, ते गेले. पुण्यामुंबईच्या संपादकांस मराठवाडा हा प्रांत केवळ भूगोलाच्या पुस्तकांत ठाऊक होता त्या काळीं या एका कारकुनानें येथील माणसें मराठी साहित्यांत नेऊन बसविलीं. आज त्यांच्या नांवानें परभणींत सभागृह आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींचे हिशोब लिहिणाऱ्या मनुष्याचें नांव एका इमारतीस लागलें, याचें त्यांनाच हसूं आलें असतें. त्यांच्यामागून हा ओघ आटला नाहीं. १९९५ सालीं अडुसष्टावें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीस भरलें, नारायण सुर्वे अध्यक्ष होते. पुढें २०१६ मध्यें याच शहरांतील आसाराम लोमटे यांच्या “आलोक” या कथासंग्रहास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इंद्रजित भालेरावांच्या कविता तर आमच्या शाळकरी मुलांना तोंडपाठ असतात. शंभराहून अधिक वर्षांचें श्रीगणेश वाचनालय याच शहरांत आहे. जनाबाईंच्या गंगाखेडच्या जिल्ह्यांत हें व्हावें यांत नवल नाहीं, असें कोणी म्हणेल. आम्ही म्हणतों, नवल आहे. कारण जनाबाईंस जात्यापलीकडे कांहीं लागलें नाहीं, आणि आजच्या नटास, गायकास, कवीस निदान एक धड सभागृह तरी लागतें.

सभागृहाचा विषय निघालाच आहे तर तो जरा विस्तारानें मांडूं, कारण खरी अडचण येथेंच आहे. भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत प्रेक्षागृहाचें माप दिलें आहे: मर्त्य मानवांसाठीं लांबी चौसष्ट हात, रुंदी बत्तीस हात. याहून मोठें बांधूं नये, अशी स्पष्ट ताकीद आहे. कारण मंडप फार मोठा झाला कीं शब्द विस्कटतो आणि नटाच्या मुद्रेवरील भाव मागच्यास दिसत नाहीं. ध्वनिक्षेपकाच्या युगांत या नियमाची कोणी पर्वा करीत नाहीं. कोठेंही सभागृह बांधावयाचें झालें कीं पहिला प्रश्न, “खुर्च्या किती?” शब्द ऐकूं येईल काय, हा प्रश्न विचारणारा मनुष्य बैठकींत विघ्नसंतोषी ठरतो.

दुसरें संकट आमच्या भूमीचें. परभणीची काळी जमीन कापसास आईसारखी, परंतु भिंतीस सावत्र आईसारखी. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यांत सुकून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दरसाल या फुगण्याआकसण्यानें उथळ पायाची भिंत तडकते, फरशी उचलते, छपराचा सांधा सुटून पाणी गळूं लागतें. पाया मुरुमापर्यंत खोल नेला नाहीं आणि पाण्याचा निचरा नीट केला नाहीं, तर उद्घाटनाच्या कोनशिलेआधीं भिंतच जुनी दिसूं लागते. नटराज रंगमंदिराच्या दुरवस्थेच्या बातम्या गेल्या कांहीं वर्षांत वर्तमानपत्रांतून वारंवार आल्या. त्या वाचतांना लोक केवळ माणसांस दोष देतात. माणसांचा दोष असेलही. परंतु ज्या जमिनीवर आपण उभे आहों तिचा स्वभाव ओळखून दरवर्षीं मृगापूर्वीं डागडुजी करण्याची शिस्त नसेल, तर नवें रंगमंदिरही दहा वर्षांत जुन्याच्या पंक्तीस बसेल. आपल्याकडे बांधण्यास पैसा मिळतो. राखण्यास मिळत नाहीं. नारळ फोडण्याचा समारंभ होतो, छपराचा पन्हाळा साफ करण्याचा होत नाहीं.

तिसरी गोष्ट भाड्याची. एका गांवीं शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं आम्हीं सभागृह मागितलें असतां, तीन दिवस कपड्यांच्या सेलास दिलें आहे, असें उत्तर आलें. सेलवाला पूर्ण भाडें रोख देतो. शाळा सवलत मागते. तेव्हां हिशोबनिसाच्या दृष्टीनें निर्णय चोख होता. मात्र रंगमंदिरास गाळा समजून त्याचा हिशोब ठेवूं लागलें कीं हौशी मंडळी तालमीसाठीं कोणाच्या तरी गच्चीवर जातात, राज्य नाट्यस्पर्धा आली कीं आठ दिवस धांवपळ होते, आणि मग तेंच गृहस्थ म्हणतात, “आपल्या गांवांत प्रेक्षकच नाहींत.” प्रेक्षक नाहींत हें आम्हांस मान्य नाहीं. सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरसास दरवर्षीं फेब्रुवारींत जी अलोट गर्दी लोटते, तिच्यांत हिंदु किती आणि मुसलमान किती याची मोजदाद कोणी करीत नाहीं. कव्वालीपुढें तासन् तास बसणारे ते श्रोते परभणीचेच आहेत. बसावयास जागा आणि ठरलेला दिवस मिळाला कीं माणसें येतात.

पुण्याचें उदाहरण या बाबतींत बोधप्रद आहे. अनुकरणीय कितपत, हें वाचकांनीं ठरवावें. जंगली महाराज रस्त्यावर संभाजी उद्यान, त्याच्या जवळच बालगंधर्व रंगमंदिर, रंगमंदिराला लागून चित्रप्रदर्शनाचें कलादालन, आणि थोडें पुढें गेलें कीं पाताळेश्वराचें प्राचीन लेणें. संध्याकाळीं एखादें कुटुंब घरून निघालें तर मुलें बागेंत, तरुण चित्रांपाशीं, वडीलधारीं लेण्यांत आणि रात्रीं सर्वजण नाटकास, असा योग तेथें जुळतो. या रंगमंदिराची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ रोजीं स्वतः बालगंधर्वांनींच बसविली. परंतु इमारत पुरी होण्यापूर्वींच, १५ जुलै १९६७ ला, ते कैलासवासी झाले, आणि त्यांच्या जन्मदिनीं, २६ जून १९६८ ला, रंगमंदिराचें उद्घाटन झालें. पु. ल. देशपांड्यांनीं त्याच्या उभारणींत जीव ओतला होता. आणि आतां? २०१८ सालीं तें पाडून त्या जागीं नवें संकुल उभारण्याचा बेत पुढें आला. कलावंतांनीं विरोध केला. २०२२ मध्यें तोच बेत पुन्हां पुढें आला, पुन्हां वाद पेटला. जागेची किंमत जसजशी वाढते तसतशी बागेची आणि रंगमंदिराची जमीन लोकांच्या डोळ्यांत भरूं लागते. परभणी १ नोव्हेंबर २०११ पासून महानगरपालिका झाली आहे. तेव्हां ही दृष्ट आपल्याकडे लागावयास फार वर्षें लागतील असें समजूं नये. पुण्याच्या जमेला एक गोष्ट अशी आहे कीं, तेथें रंगमंदिराला हात लावूं म्हटलें तर शेंकडों माणसें रस्त्यावर येतात. आमच्याकडे पांच तरी येतील काय?

हा प्रश्न आम्हीं एकदां घरीं, जेवणाच्या पंगतींत टाकला. धाकट्या सूनबाई वाढीत होत्या. त्या शांतपणें म्हणाल्या, “आम्ही येऊं, मामंजी, पण त्या जागेंत आम्ही आधीं गेलेल्या तरी असावयास पाहिजेत ना?” मग एकेक गोष्ट निघाली. बागेंत दिवा कोठें आहे आणि कोठें नाहीं, प्रसाधनगृह स्वच्छ असतें काय, नाटक सुटल्यावर रात्रीं साडेअकराला घरीं कसें यावें, सासूबाईंचे गुडघे इतक्या पायऱ्या चढतील काय. आम्हीं भरतमुनींचीं मापें सांगत होतों. आणि घरांतील निम्मीं माणसें जेथवर पोंचूं शकत नाहींत, त्या जागेचें माप कांहीं असो, असें तें संभाषण झालें. एकत्र कुटुंबांत एकट्यादुकट्यानें बागेस जाणें होत नाहीं. जावयाचें तर आजीपासून तान्ह्यापर्यंत सर्वांनीं. सर्वांत अशक्त माणसाची सोय झाली कीं बाकीच्यांची आपोआप होते.

आणखी एक गोष्ट हवेची. परभणींत वैशाखांत पारा चव्वेचाळिसापर्यंत चढतो, आणि पौषांत मराठवाड्यांतील सर्वांत कडक थंडीची नोंद पुष्कळदां आमच्याच कृषि विद्यापीठांत होते. अशा हवेंत हिरवळीचा आग्रह हा विलायती चित्रें पाहून आलेला शौक आहे. हिरवळ पाणी मागते आणि सावली देत नाहीं. येथें कडुनिंब, करंज, बकुळ, पिंपळ हीं झाडें हवींत. तीं एकदां मुळें धरूं लागलीं कीं माणसाकडे कांहीं मागत नाहींत. १९७२ मध्यें स्थापन झालेलें विद्यापीठ गांवांतच असतांना कोणतें झाड कोठें लावावें हें विचारावयास मुंबईच्या सल्लागारास बोलावण्याचें कारण नाहीं. उद्यान, सभागृह, वाचनालय आणि रंगमंदिर यांना जोडणारे रस्ते दुतर्फा सावलीचे झाले, मधूनमधून बसावयास दगडी बांक आले, तर निराळा “कलाविभाग” म्हणून कांहीं पाटी लावावी लागणार नाहीं. लोक चालतां चालतां तो तयार करतील.

शेवटीं एक सूचना. बी. रघुनाथांची पुण्यतिथि ७ सप्टेंबर, आणि मुक्तिदिन १७ सप्टेंबर. मध्यें बरोबर दहा दिवस. लेखकाच्या स्मरणार्थ साहित्याचे कार्यक्रम परभणींत होतात, आणि उद्यानांतील ध्वजारोहणही होतें. हीं दोन्हीं टोंकें जोडून दहा संध्याकाळी सर्व शहरानें वांटून घ्याव्यात. एके दिवशीं शाळांचीं नाटकें, एके दिवशीं जनाबाईंचे अभंग, एके दिवशीं कव्वाली, एके दिवशीं बायकांनीं आपल्याच तोंडून सांगितलेल्या निजामी अमदानींतील घरच्या आठवणी; त्या सांगणाऱ्या आतां फार थोड्या उरल्या आहेत. तिकीट नसावें. नटांची बिदागी मात्र दुसऱ्याच दिवशीं द्यावी. भाद्रपदांतल्या पावसाचा नेम नसतो, म्हणून आभाळ मोकळें असलें तर बागेंत आणि भरून आलें तर सभागृहांत, असें आधींच ठरवून ठेवावें. आणि सभागृहाचें छप्पर गळत नाहीं ना, हें कोणीतरी जूनमध्यें शिडी लावून वर चढून पाहावें.